सोसायटीतली मांजरं गोणीत भरून सोडून द्यायची म्हणतात. काय करता येईल?

शेवंता | १२ ऑक्टोबर, रात्री १०:४०

नमस्कार. आमची सोसायटी डोंबिवली पूर्वेला आहे. तीन विंग, ७२ घरं. मागच्या गल्लीत सकाळ-संध्याकाळ मासळीवाल्या बसतात, त्यामुळे मांजरं आमच्याकडे कायमचीच. सध्या १४ आहेत असा माझा अंदाज. काही पार्किंगमध्ये, काही मीटर रूमच्या मागे, दोन-तीन गच्चीवर.

येत्या रविवारी सोसायटीची मीटिंग आहे आणि विषयपत्रिकेत "मांजरांचा बंदोबस्त" असं छापून आलंय. एक माणूस मांजरामागे २०० रुपये घेऊन पकडून नेतो आणि खाडीकडे सोडतो म्हणे. बहुतेकांना हे पटलेलं आहे.

मला हे थांबवायचं आहे, आणि त्यामागे कारण आहे. दोन वर्षांपूर्वी असंच सहा मांजरं गोणीत भरून नेली होती. त्यात एक नुकतीच व्यायलेली होती, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. तिसऱ्या दिवशी मीटर रूममधून बारीक आवाज यायला लागला. वॉचमनकाकांनी जुन्या दाराच्या फळ्या बाजूला केल्या तर चार पिल्लं, डोळेही न उघडलेली. तीन गेलेली होती. चौथं तळहातावर मावेल एवढं, पोट पाठीला चिकटलेलं, थंडगार. डॉक्टरांनी आधी ऊब द्या, मगच दूध, असं सांगितलं. मांजराच्या पिल्लांचं दूध पावडर मिळतं ते आणलं, सुईशिवायच्या सिरिंजने दर दोन-अडीच तासांनी पाजलं. ते पिल्लू म्हणजे आमची चिंगी. आत्ता हे लिहिताना ती शेजारीच आहे.

आणि त्या सहा गेल्यावर काय झालं? चार महिन्यांत पार्किंगमध्ये नवीन सात मांजरं.

मीटिंगमध्ये नुसतं "सोडू नका" म्हटलं तर कुणी ऐकणार नाही. त्याऐवजी काय करायचं ते ठाम सांगता आलं पाहिजे. ज्यांनी आपापल्या भागात हे केलं असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

गवतीचहा | १२ ऑक्टोबर, रात्री ११:२५

शेवंता, बरं झालं लिहिलंस. आम्ही पुण्यात सिंहगड रोडच्या आमच्या सोसायटीत २३ मांजरांची नसबंदी केली, सव्वा वर्ष लागलं. तुझ्याकडे १४ म्हणजे दोन-तीन महिन्यांचं काम आहे, मनावर घेतलंस तर.

पहिलं काम मोजणी. अंदाज नको. एक वही कर. प्रत्येक मांजराचा फोटो, रंग, कुठे बसतं, किती वाजता दिसतं, नर की मादी, कान कापलेला आहे का. नसबंदी झालेल्या मांजराच्या डाव्या कानाचं टोक भुलेत असतानाच सरळ कापतात, म्हणजे तेच मांजर दुसऱ्यांदा पकडून पोट उघडायची वेळ येत नाही. तीन रंगांचं मांजर असेल तर ती जवळजवळ नक्की मादीच. भगवा बहुतेक वेळा बोका. जाड गालांचा, ओरखडलेल्या तोंडाचा दिसला की पूर्ण वाढलेला बोका समज.

ही वही मीटिंगला ने. लोकांना "मांजरांचा सुळसुळाट" दिसत असतो. १४ फोटो समोर ठेवलेस की तेच लोक "ही काळी आमच्या मजल्यावर येते", "हा भगवा माझ्या स्कूटरवर झोपतो" असं बोलायला लागतात. आमच्याकडे वातावरण तिथेच बदललं.

दुसरं, सगळ्या मांजरांचं शक्य तितकं एकदम कर. सहा महिन्यांत चार केलीस आणि दहा राहिली तर त्या दहांची पिल्लं तुझ्या पुढे पळतील. आमची पहिली सहा महिन्यांची मेहनत अशीच वाया गेली, त्याचं अजून वाईट वाटतं.

तळमजला_३ | १३ ऑक्टोबर, सकाळी ७:५०

मी दुसऱ्या बाजूने लिहितो, राग मानू नका. मी तळमजल्यावर राहतो, ठाण्यात. बायको पाच महिन्यांची गरोदर आहे. रोज सकाळी दार उघडलं की कुंड्यांमध्ये घाण. बोका दारावर, चपलांच्या रॅकवर मुततो, तो वास फिनाइलने जात नाही. रात्री दोन वाजता बोक्यांची भांडणं, लहान मूल किंचाळल्यासारखी. स्कूटरची सीट तीनदा बदलली. वरच्या मजल्यावरून एक बाई खिडकीतून माशांची मुंडकी खाली टाकतात आणि स्वतः कधी खाली येत नाहीत.

मी मांजरांना कधी मारलेलं नाही. पण आमचा त्रास कुणी विचारतच नाही. तक्रार केली की आम्ही निर्दय. मांजरं सोडून येणं चूक असेल तर मग आमच्यासाठी उपाय काय, ते कुणीतरी सांगा.

पशुवैद्य_सातारा | १३ ऑक्टोबर, दुपारी २:१५

तळमजला_३, तुमची तक्रार रास्त आहे आणि तुम्ही सांगितलेल्यांपैकी काही गोष्टींवर ऑपरेशन हाच उपाय आहे. मुतून हद्द आखणं, रात्रीची भांडणं, माजावर आलेल्या मादीचं ओरडणं, हे सगळं हार्मोनमुळे होतं. बोक्याचं ऑपरेशन झालं की लगेच दुसऱ्या दिवशी नाही, पण काही आठवड्यांत हे उतरणीला लागतं. त्या उग्र वासावर फिनाइलने काही होत नाही. एन्झाइमचं क्लीनर पेट शॉपमध्ये मिळतं, ते वापरा. फिनाइल मांजरांना विषारी असतं, पायाला लागलेलं ती चाटतात.

पत्नीबद्दल. टोक्सोप्लाझ्माची (मांजराच्या विष्ठेतून पसरणारा, गरोदरपणात बाळाला धोक्याचा जंतू) भीती रास्त आहे, पण थोडं समजून घ्या. मांजराला पहिल्यांदा लागण होते तेव्हा साधारण एक ते तीन आठवडेच ते विष्ठेतून जंतू टाकतं, आणि ती विष्ठा बाहेर पडल्यावर एक ते पाच दिवसांनी संसर्गजन्य होते. म्हणून घाण रोजच्या रोज उचलली तर धोका खूप घटतो. ते काम पत्नीने करू नये, तुम्ही हातमोजे घालून करा. कुंड्यांतल्या मातीत तिने हात घालू नये. आणि मांजराला हात लावण्यापेक्षा कच्चं-अर्धकच्चं मांस आणि न धुतलेली भाजी यातून ही लागण व्हायची शक्यता जास्त असते. पालेभाज्या नीट धुवा. तिच्या डॉक्टरांशी बोला, रक्ततपासणी करता येते.

आता सगळ्यांसाठी. मादी चार महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते. गर्भकाळ साधारण ६३ ते ६५ दिवस. पिल्लं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. म्हणून "एवढी पिल्लं मोठी होऊ देत, मग बघू" म्हणेपर्यंत पुढची वेत पोटात असते. पिल्लू साधारण एक किलोचं झालं की ऑपरेशन करता येतं.

दर्यावर्दी | १३ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:०५

आमचं गाव दापोलीजवळ. लहानपणी घरात मांजर असायचंच, भाताच्या कणगीला उंदीर लागू नयेत म्हणून. पण पिल्लं जास्त झाली की आजोबा ती पोत्यात घालून होडीने खाडीपलीकडे सोडून यायचे. पाणी ओलांडलं की मांजराला परतीची वाट सापडत नाही, असं म्हणायचे.

एकदा मी सोबत गेलो होतो, आठ-नऊ वर्षांचा असेन. पोतं उघडल्यावर एक मांजरी बाहेर आली, दोन पावलं गेली आणि परत पोत्यात जाऊन बसली. आजोबांनी पोतं झटकलं. आम्ही होडीत बसलो तरी ती किनाऱ्यावर पाण्याच्या कडेला उभी होती. पन्नाशी उलटली माझी, पण ती डोळ्यांसमोरून जात नाही. आजोबा वाईट नव्हते, त्यांना दुसरा मार्ग माहीत नव्हता. आपल्याला माहीत आहे.

शेवंताताई, मीटिंगमध्ये हे वाचून दाखवलंत तरी चालेल.

कलम_आणि_कायदा | १३ ऑक्टोबर, रात्री ९:३०

वकिली करते, म्हणून कायद्यापुरतं लिहिते.

प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० चं कलम ११. जनावराला वेदना होतील अशा रीतीने वाहून नेणं हा गुन्हा. गोणी त्यात येते. उपाशी-तहानलेलं राहून हाल होतील अशा ठिकाणी जनावर टाकून देणं, हाही गुन्हा. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये, हा आकडा १९६० च्या काळचा आहे आणि लाज वाटावी असा आहे. पण विष घालून मारलं, जायबंदी केलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागतं, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. १ जुलै २०२४ पासून ते लागू झालं.

प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ बद्दल बरेच गैरसमज आहेत. २००१ च्या नियमांच्या नावातच कुत्रे होते, २०२३ च्या नावातून ते गेले, तरी आतला बहुतेक तपशील कुत्र्यांचाच आहे. पण त्यात 'सामुदायिक प्राणी' अशी व्याख्या आहे, आणि त्यांना खायला घालायची सोय सोसायटीने ठरवायची आहे. जागा कशी? जिना, इमारतीचं दार, मुलांची खेळायची जागा यांपासून लांब. वेळ मुलं-म्हातारी माणसं कमी असतील अशी. म्हणजे खिडकीतून मुंडकी फेकणं यात बसत नाही. तळमजला_३ यांनी हा मुद्दा जरूर मांडावा.

मीटिंगमध्ये कायद्यापासून सुरुवात करू नका मात्र. लोक अंगावर येतात. वही आधी, कायदा शेवटी, तोही गरज पडली तरच.

सिंगापूरवासी | १४ ऑक्टोबर, सकाळी ६:२०

इथल्या सरकारी फ्लॅटमध्ये मांजर पाळायला अनेक वर्षं बंदी होती. १ सप्टेंबर २०२४ पासून दोन मांजरांना परवानगी मिळाली, लायसन्स आणि मायक्रोचिप लावून. आमच्या ब्लॉकखालच्या मांजरांचे कान कापलेले आहेत. त्यांना खायला घालणाऱ्या मावशी रोज रात्री येतात, मांजरं खाईपर्यंत थांबतात आणि ताटल्या, खाली सांडलेलं, सगळं उचलून नेतात. शेजाऱ्यांची कुरकुर त्यामुळेच कमी आहे, असं मला वाटतं. अन्न पडून राहिलं की मुंग्या, झुरळं, उंदीर आणि मग तक्रारी.

उसाचा_मळा | १४ ऑक्टोबर, दुपारी १२:४५

धाग्याला जोडून एक सांगतो, कारण तोडणीचा हंगाम आता तोंडावर आहे. जुन्नर भागात आमची शेती. उसात सापडलेली प्रत्येक 'मांजराची पिल्लं' घरच्या मांजराची नसतात. रानमांजराची किंवा वाघाटीची असू शकतात. वाघाटी पूर्ण वाढली तरी घरच्या मांजराहून लहान असते, त्यामुळे हमखास फसायला होतं. हे दोन्ही वन्यप्राणी, घरी आणून पाळणं गुन्हा.

आमच्या मजुरांना दोन वर्षांपूर्वी अशी दोन सापडली. लोक फोटो काढायला गोळा झाले, कुणी दूध पाजायला लागलं. वनखात्याला फोन केला. त्यांच्या माणसांनी पिल्लं तपासली, त्याच जागी संध्याकाळी क्रेटमध्ये ठेवली आणि सगळ्यांना लांब केलं. रात्री आई येऊन एकेक करून घेऊन गेली. तिला वेळ आणि एकांत दिला की ती येते.

मोरपंखी | १४ ऑक्टोबर, रात्री १०:१०

वरच्या प्रतिसादावरून आठवलं. गावठी मांजरांचंही तेच. "मांजर पिल्लांना सात घरं फिरवते" असं आपण म्हणतो ते उगाच नाही. वास पसरला, कुणी डोकावलं, बोक्याचा माग लागला की ती जागा बदलते. चार पिल्लांना एकेक करून नेते. मधल्या वेळात कुणाला दोन पिल्लं दिसतात आणि ते "अनाथ पिल्लं" म्हणून उचलून आणतात. तिकडे आई वेड्यासारखी शोधत फिरते.

पिल्लं दिसली तर लांबून काही तास नजर ठेवा. पोट भरलेलं, अंग स्वच्छ, गाढ झोपलेली असतील तर आई आहे. सतत ओरडणारी, थंड, मळलेली असतील तरच हात घाला. आणि गाईचं दूध अजिबात नको, जुलाब होऊन जीवही जाऊ शकतो.

शेवंता | १९ ऑक्टोबर, रात्री ११:५०

आज मीटिंग झाली. तीन महिने मिळाले!

वही नेली होती. १४ नाही, १६ निघाली. ७ माद्या, ५ बोके, ४ पिल्लं. गवतीचहा, अगदी तू म्हणालीस तसंच झालं. वही हातोहात फिरली. सी विंगच्या आजींनी सांगितलं की काळी मादी त्यांच्या गॅलरीत दोनदा व्याली आहे. ज्या गृहस्थांनी खाडीचा प्रस्ताव मांडला होता त्यांचं म्हणणं तळमजला_३ सारखंच होतं, म्हणून मी तेच आधी बोलले, त्रास खरा आहे म्हणून. मग मागच्या वेळी काय झालं ते सांगितलं. सहा नेली, सात आली. जागा रिकामी झाली आणि मासळीबाजार तिथेच आहे, तर आजूबाजूची येणारच. नसबंदी झालेली मांजरं तिथेच राहिली तर जागा भरलेली राहते, संख्या वाढत नाही. दर्यावर्दी, तुमचं लिहिलेलं वाचायला घेतलं आणि मला शेवटपर्यंत वाचता आलं नाही. सेक्रेटरींनी पुढचं वाचलं.

ठरलं ते असं. घरटी १५० रुपये ऐच्छिक वर्गणी. खाणं फक्त जनरेटरच्या मागे, रात्री साडेदहाला, अर्ध्या तासात ताटल्या उचलायच्या. जबाबदारी माझी आणि बी विंगमधल्या दोन कॉलेजच्या मुलींची. एका संस्थेच्या दवाखान्यात मादीचे १,२०० आणि बोक्याचे ८०० घेतात. महापालिकेकडेही विचारणार आहे. मुंबई-पुण्यात महापालिकेतर्फे मांजरांची नसबंदी होते, आपल्याकडे काय होतं ते कळेल.

आता पकडायचं कसं? चार-पाच तर दहा फुटांवरूनच पळतात.

गवतीचहा | २० ऑक्टोबर, सकाळी ८:०५

किती छान बातमी!

हाताने पकडायचं नाही. गोणी, जाळं काही नको. पायपट्टीचा पिंजरा येतो, मांजराने आत पाय ठेवला की दार पडतं. संस्थेकडे अनामत ठेवून मिळतो. आता महत्त्वाचं म्हणजे सवय. रोज साडेदहालाच खाणं, दुसऱ्या कुठल्याही वेळी नाही. आठवडाभर पिंजरा दार बांधून उघडाच ठेव आणि खाणं रोज थोडं थोडं आत सरकव. पकडायच्या दिवशी आदल्या रात्रीपासून खाणं बंद, शेजाऱ्यांनाही सांग, नाहीतर कुणीतरी दयेपोटी पोटभर घालतं आणि पिंजऱ्याकडे कुणी फिरकत नाही. आमिष वासाचं हवं, भाजलेला सुका बोंबील सगळ्यात भारी. पिंजऱ्याच्या तळाला वर्तमानपत्र, कारण पायाला जाळी लागली की चाणाक्ष मांजर मागे फिरतं.

दार पडलं की मांजर उसळतं, नाक फोडून घेतं. त्याच क्षणी जाड चादर पूर्ण पिंजऱ्यावर टाक. अंधार झाला की दोन मिनिटांत शांत होतं. म्हणून पिंजरा लावून घरी जायचं नाही, नजरेच्या टप्प्यात बसून राहायचं.

पशुवैद्य_सातारा | २० ऑक्टोबर, दुपारी १:३०

भर घालतो. मोठ्या मांजराला भुलेआधी रात्रभर उपास हवा, लहान पिल्लांना तेवढा नको, डॉक्टर सांगतील ते पाळा. ऑपरेशन झाल्यावर पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत सोडू नका, धडपडत भिंतीवर चढतात आणि पडतात. बोक्याला एक-दोन दिवस, मादीला टाक्यांप्रमाणे तीन ते पाच दिवस कोरड्या जागेत ठेवा. आणि सोडायचं जिथून उचललं तिथेच.

दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी देऊ नका. मांजर एका गोळीने मरतं. कुत्र्याचं गोचिडांचं औषधही लावू नका, त्यातलं परमेथ्रिन मांजरांना मारतं.

पकडणाऱ्यांनी रेबीजची लस आधीच टोचून घ्यावी. चावलं किंवा ओरखडलं तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना. मांजराच्या चाव्याची भोकं बारीक दिसतात पण खोल असतात, दुसऱ्या दिवशी हात सुजतो. हळद भरून वाट बघू नका.

शेवंता | ८ नोव्हेंबर, रात्री १२:३०

दिवाळीच्या फटाक्यांत सगळी पांगली होती, म्हणून उशीर झाला. आतापर्यंत पाच झाली.

पहिल्या रात्री पिंजऱ्यात कोण आलं, तर कान कापलेला एक धष्टपुष्ट बोका, शेजारच्या सोसायटीतला! म्हणजे तिथेही कुणीतरी हे काम करत होतं आणि आम्हाला पत्ताच नव्हता. दुसऱ्या दिवशी जाऊन त्या ताईंना भेटले. आता पिंजरा दोघींत मिळून आहे.

एक चूक झाली, ती लिहिते म्हणजे दुसऱ्या कुणाची होऊ नये. करड्या मादीला घेऊन गेलो. डॉक्टरांनी पोटावर हात फिरवला आणि म्हणाले, आचळं भरलेली आहेत, आजूबाजूचे केस चाटून गेलेत, पिल्लं पीत आहेत. आमच्या कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर मीटर रूम आली. मुलींनी फोनवरून शोध सुरू केला. जिन्याखालच्या माळ्यावर, जुन्या गणपतीच्या मखराच्या थर्माकोलमध्ये तीन पिल्लं सापडली, डोळे उघडलेली, दुडदुडणारी. डॉक्टर म्हणाले, पिल्लं एवढी आहेत तर काही तास निघतील, ऑपरेशन करून संध्याकाळीच परत सोडतो, दूध बंद होत नाही. सातला माळ्याजवळ पिंजऱ्याचं दार उघडलं. ती थेट मखरात. आम्ही अंधारात जिन्यावर बसलो होतो, तिघांच्या चुरूचुरू पिण्याचा आवाज आला तेव्हा उठलो.

तेव्हापासून प्रत्येक मादीचं पोट फोटो मोठा करून बघते.

तळमजला_३ | ९ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

मी इथे रागानेच आलो होतो, आता धागा रोज वाचतो. आमच्याकडेही दोन बोक्यांचं ऑपरेशन करून आणलं, खर्च मी आणि वरच्या बाईंनी निम्मा निम्मा केला. त्या आता खाली येऊन खायला घालतात, ताटली धुऊन ठेवतात.

कुंड्यांचं सांगतो, कुणाला उपयोग होईल. मांजराला भुसभुशीत माती लागते. सगळ्या कुंड्यांच्या मातीवर नारळाच्या शेंड्या दाबून बसवल्या, वर नदीतले गोटे. आणि कंपाउंडच्या मागच्या कोपऱ्यात भाजीचा जुना क्रेट, तळाला पत्रा, त्यात बांधकामाची वाळू भरली. पहिल्या दिवशी कुंडीतली घाण थोडी उचलून त्या वाळूत ठेवली, म्हणजे वासाने कळतं. चौथ्या दिवसापासून तिथेच जातात. मी रोज सकाळी खुरप्याने उचलतो, पाच मिनिटांचं काम.

शेवंता | २ डिसेंबर, रात्री ११:१५

वाईट बातमी आहे. मखरातल्या तीन पिल्लांपैकी दोन गेली, आणि पार्किंगमधली दोन. चार दिवसांत चार. आधी खाणं सोडलं, मग पिवळी उलटी, पाण्याच्या वाटीवर मान टाकून नुसतं बसून राहणं. दवाखान्यात सलाइन लावलं, एकच वाचलं. पॅनल्यूकोपेनिया. लोक त्याला मांजरांचा पार्वो म्हणतात.

मी नसबंदीच्या मागे होते, लसीचं मनावरच घेतलं नाही. सहा-आठ आठवड्यांची झाली होती ती, लस देता आली असती. मुली खूप रडल्या.

पशुवैद्य_सातारा | ३ डिसेंबर, सकाळी ७:१०

शेवंताताई, रस्त्यावरच्या पिल्लांत हा आजार दरवर्षी येतो. सगळ्यांनाच वाचवता येत नाही. आता पुढचं बघा. हा विषाणू जमिनीवर, कापडात वर्षभरही टिकतो, साध्या साबणाला दाद देत नाही. थर्माकोल, गोणपाट, पुठ्ठे जाळण्यापेक्षा पिशवीत बंद करून कचऱ्यात द्या. फरशी धुऊन, मग एक भाग ब्लीच आणि ३२ भाग पाणी करून दहा मिनिटं ओलं राहू द्या, मग स्वच्छ धुवा. मांजरं त्या वेळी लांब असावीत. पिंजराही तसाच धुवा, शेजारच्या सोसायटीत जाण्याआधी.

वाचलेल्या पिल्लाला आणि उरलेल्या सगळ्यांना तिहेरी लस आणि रेबीजची लस. मोठ्यांना ऑपरेशनच्या टेबलावरच देऊन टाका, पुन्हा हातात येणार नाहीत. घरची चिंगी लसीवर आहे ना? बाहेरून आल्यावर कपडे बदलून, हात धुऊनच तिला घ्या, चपला बाहेर.

मोरपंखी | ३ डिसेंबर, दुपारी ४:००

शेवंता, तू त्यांच्यासाठी रात्री जागलीस. ती चार गोणीत नाही गेली.

वाचलेल्या पिल्लाला लगेच घर बघ. साधारण दोन ते सात आठवड्यांचा काळ माणसाळण्याचा असतो, पुढे दिवसेंदिवस अवघड होतं. देताना एवढंच बघ की त्यांच्या खिडक्यांना जाळी आहे. चौथ्या मजल्यावरून पडलेली मांजरं मी उचलली आहेत. आणि जे मोठं मांजर माणसाला बघून दबकतं, त्याला जबरदस्तीने घरात कोंडायचं नाही. त्याचं घर पार्किंगच आहे.

शेवंता | ११ जानेवारी, रात्री १:२०

आताच वर आले.

१२ मोठ्यांपैकी ११ झाली होती. उरली होती ती काळी मादी, सी विंगच्या आजींच्या गॅलरीतली. फार हुशार. पिंजऱ्याच्या दारात बसायची, आत मान घालून बोंबील ओढून बाहेर आणायची आणि आमच्याकडे बघत खायची. नऊ रात्री. डॉक्टर म्हणाले होते जानेवारी सरायच्या आत करा, थंडी ओसरली की पुन्हा गाभण राहील. शेवटी आजी म्हणाल्या, पिंजरा माझ्या गॅलरीत ठेवा आणि तुम्ही सगळ्या जा. तिला माझ्या हातचंच लागतं. आजी ८१ वर्षांच्या आहेत. चार दिवस पिंजऱ्यावर त्यांनी आपलं जुनं नऊवारी पातळ टाकून ठेवलं, आत दहीभात आणि त्यावर सुकट. आज रात्री बाराला फोन आला, "आली गं आत. नुसती बसलीये, ओरडत नाहीये."

गेले तर पातळाखाली दोन हिरवे डोळे. आजी पिंजऱ्याशेजारी पाटावर बसून तिच्याशी बोलत होत्या. सकाळी आठला दवाखान्यात न्यायची आहे. आजी सोबत येणार म्हणतात, रिक्षा सांगून ठेवली.

वाचलेलं पिल्लू दर्यावर्दींच्या भाचीकडे कल्याणला गेलं. जाळी बघून आले.

मासळीबाजाराकडून परवा एक नवा भगवा बोका आलाय, कान अख्खा. उद्यापासून जनरेटरमागे पिंजरा दार बांधून ठेवणार आहे.